भाजणीकाकांचा सेंड-ऑफ

कोलकात्यातल्या मराठी लोकांच्या ग्रुपची ॲडमिन मी कुणाच्या आग्रहानं झाले नाही, आणि माझ्यात काही विशेष गुण दिसले म्हणूनही नाही. माझ्या आधीच्या बाईंची भोपाळला बदली झाली आणि जायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक टाइप केलेला कागद ठेवला. वर मथळा होता, 'कार्यभार हस्तांतरण'. खाली सदस्यांची संख्या, प्रलंबित बाबी, आणि शेवटी डावीकडे देणाऱ्याची सही, उजवीकडे घेणाऱ्याची. प्रलंबित बाबींत एकच नोंद होती, ती म्हणजे हळदीकुंकवाच्या सतरंज्या नक्की कुणाकडे आहेत याचा शोध. त्या सतरंज्या अजून सापडलेल्या नाहीत.

हे ऐकून पुण्याचे नातेवाईक खो खो हसतात. इथे कुणी हसत नाही. आमच्यातले निम्मे लोक बँकेतले, विम्यातले, सरकारी कंपन्यांतले. तीन वर्षं झाली की उचलायचं बिऱ्हाड. सही घेतल्याशिवाय आम्ही कुणाला चमचासुद्धा देत नाही. मी स्वतः बँकेत आहे. नवरा घरून भाषांतराची कामं करतो आणि माझ्या बदल्यांमागे आपला संगणक आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळत गावोगाव हिंडतो. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये आम्ही आलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मासीमांनी, म्हणजे बंगाली मावशींनी, त्यालाच साहेब समजून नमस्कार केला होता. त्यानं तो बिनदिक्कत घेतला.

ग्रुपमधून माणूस काढायचाही एक शिरस्ता होता. बदलीची ऑर्डर आली की त्या माणसाला एक आठवडा. त्या आठवड्यात सेंड-ऑफ, फोटो, जुना फ्रिज कुणाला हवाय का याची चौकशी. आठव्या दिवशी ॲडमिननं त्याला ग्रुपमधून काढायचं. मग उरलेले सगळे फुलांचे गुच्छ टाकणार, नव्या ठिकाणी शुभेच्छा देणार. काढलेल्या माणसाला यातलं अक्षरही दिसत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी चालत होतं. ग्रुप सुरू झाल्यापासून माणूस जायचा तो असाच. दुसऱ्या कुठल्या कारणानं कुणाला काढतात हे आमच्या गावीही नव्हतं.

आणि मग भाजणीकाका आले, घरघंटीसकट.

ते एका सरकारी कंपनीत बऱ्यापैकी मोठे अधिकारी. मुलाची बारावी म्हणून बायको-मुलं पुण्यात. वयानं माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठे, पण परक्या गावात घरघंटी घेऊन येणारा माणूस सगळ्यांचा काकाच होतो. कोलकात्यात शोधलं तर ज्वारी मिळते, पण थालीपिठाची भाजणी पुण्याहून यायची आणि येईपर्यंत तिला सुटकेसचा वास लागलेला असायचा. काकांनी आल्या-आल्या ग्रुपवर लिहिलं, 'डबे पाठवा. भाजून, दळून देतो.' त्यांच्या दाराशी डब्यांची रांग लागली. आमच्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात, त्याचं चीज इथे झालं. माझ्या लग्नात आईनं दिलेला, माझं माहेरचं नाव घातलेला उंच स्टीलचा डबा महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचा आणि भरून यायचा. नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा हा माणूस आठ दिवस रोज मुगाची खिचडी घेऊन आला. जिना चढून, स्वतः.

आता अडचण अशी की घंटीत धान्य ओतल्यापासून पीठ पडेपर्यंत माणसाला करण्यासारखं काही नसतं. काकांनी तेवढ्या वेळात फोन हातात घेतला आणि घोटाळा सुरू झाला.

पहिल्यांदा सुप्रभात. मग देशाभिमान. मग 'जागे व्हा'. मग अमुक वस्तूत हे लोक काय मिसळतात. मग मुसलमानांच्या दुकानातून काहीही घेऊ नका, शेवटी लाल अक्षरांत 'दहा जणांना पाठवा'. मी त्यांना फोन करून म्हटलं, "काका, ग्रुप भाजीपाल्यासाठी आणि सणासुदीसाठी आहे." ते म्हणाले, "हो हो वहिनी, भाजीपाल्याबद्दलच आहे ते." आणि खरंच, पुढचा मेसेज फळवाल्यांवर होता.

फोर्ट विल्यममध्ये राहणाऱ्या एका कर्नलच्या बायकोशी माझी दोस्ती होती. तिनं यावर एक डावपेच काढला. काकांचा मेसेज आला रे आला की आम्ही दोघींनी ग्रुपवर असा एखादा प्रश्न टाकायचा की त्यावर मराठी माणसाला गप्प बसवतच नाही. 'कारल्याचा कडूपणा काढताना मीठ आधी लावता की नंतर?' एवढ्यानं पाऊण तास निघायचा. 'गोडा मसाला घरचा की विकतचा?' यावर दोन दिवस युद्ध चाललं. तेवढ्यात काकांचा मेसेज वर सरकून सरकून दिसेनासा व्हायचा. सगळ्यात मजा म्हणजे मसाल्याच्या भांडणात काका स्वतः उतरायचे. देश धोक्यात आहे हे विसरून ते दगडफूल किती घालावं यावर तीन-तीन परिच्छेद लिहायचे. आम्ही दोघी फोनवर हसून हसून लोळायचो. आपण फार हुशार आहोत असं मला त्या काळात वाटत होतं.

जानेवारीअखेरीला माझ्या घरी हळदीकुंकू झालं. त्याला डमडमहून एक मुलगी आली. मुलगी म्हणते, पण पस्तिशीची असेल, सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. माहेर सांगलीचं. नवरा बंगाली, मुसलमान, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. तिनं हे कधी लपवलं नव्हतं आणि पाटी लावूनही ती फिरत नव्हती. तिची सहा वर्षांची लेक रविवारी सकाळी माझ्या दिवाणखान्यातल्या मराठी वर्गाला यायची. आठ-दहा पोरं, मी, एक फळा, आणि शेवटी चकल्या, एवढाच तो वर्ग. ही पोरगी 'बाई, मला पाणी खायचंय' म्हणायची, कारण बंगालीत पाणीही खातात. मी पहिले काही दिवस सुधारलं, मग सोडून दिलं.

वर्ग सुटला की ती आणि तिची आई माझ्या बाल्कनीत जाऊन सांगलीला फोन लावायच्या. लग्नाला सहा-सात वर्षं झाली तरी सांगलीची आजी लेकीशी बोलत नव्हती. नातीशी मात्र बोलायची, आणि आजीला मराठीशिवाय काही येत नव्हतं. फोन लावून आई पोरीच्या हातात द्यायची आणि स्वतः बाजूला, तुळशीच्या कुंडीपाशी उभी राहून ऐकायची. एकदा मला म्हणाली, "काकू, हिचं मराठी थांबलं ना, तर माझ्या घरचा आवाजच बंद होईल." म्हणून ती डमडमहून दर रविवारी इतक्या लांब यायची.

हळदीकुंकवाचे फोटो नवऱ्यानं काढले. ते ग्रुपवर मी टाकले. नव्या लोकांना ओळख व्हावी म्हणून प्रत्येकीचं नाव आणि ती कुठे राहते तेही मीच खाली हौसेनं लिहिलं.

मार्चमध्ये काकांनी ग्रुपवर एका दुसऱ्याच ग्रुपची लिंक टाकली. 'फक्त जाग्या लोकांसाठी.' मी ती लगेच पुसली, पण आमच्यातले तीसेक लोक तोवर जाऊन जागे झाले होते. तिथे काय चालतं याच्या बातम्या यायला लागल्या. कुणाच्या दुकानावर बहिष्कार घाला, कुणाला कामावरून काढा, कुणाला धडा शिकवा. तेव्हा मी एका शनिवारी दुपारी बैठक बोलावली. मी, कर्नलची बायको, आणि एका विमा कंपनीच्या दक्षता विभागातले एक गृहस्थ. त्यांना मी दक्षतासाहेबच म्हणेन. विषय एकच, काकांना आणि त्या तीस लोकांना ठेवायचं की काढायचं. नवऱ्यानं खायला थालीपीठं केली. कुठल्या भाजणीची ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं आणि कुणीच त्याचा उल्लेख केला नाही.

कर्नलची बायको म्हणाली, "काढा. त्यात बोलायचं काय?"

दक्षतासाहेबांनी घास संपवला, हात पुसला. "असं एकदम काढता येत नाही. आधी समज. मग कारणे दाखवा नोटीस. उत्तराला पंधरा दिवस. मग प्रत्यक्ष सुनावणी. शिवाय, काढलं तर हे लोक तिकडे जाऊन आणखी कडवे होतील. इथे आहेत तोवर चार शहाण्या माणसांत तरी आहेत."

"शहाणी माणसं काय करतायत? कारली चिरतायत," ती म्हणाली. "ते शहाणे होत नाहीयेत, आपल्याला सवय होतेय."

"मी तिकडे निरीक्षणासाठी सामील झालोय," दक्षतासाहेब म्हणाले. "फाइल करतोय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी थालीपिठाला लोणी लावलं, आणि जे बोलायला नको होतं ते बोलले.

"त्यांची तीन वर्षं जूनमध्ये पूर्ण होतात."

खोलीतल्या हवेत केवढा सैलपणा आला म्हणून सांगू! दक्षतासाहेबांनी मान डोलावली. कर्नलच्या बायकोनंही खांदे उडवले, शेवटी तिची तरी जन्मभर बदलीच. आमच्यासारख्या लोकांची ही जुनी खोड आहे. तेवीस वर्षांच्या नोकरीत खडूस साहेब, भांडकुदळ शेजारी, गळकी न्हाणीघरं हे सगळं मी एकाच उपायानं निस्तरत आले होते. वाट पाहायची. त्यांची नाहीतर आपली, कुणाची तरी बदली होते. दक्षतासाहेबांनी डायरीत टिपलं, 'बदलीपर्यंत स्थगित', आणि आम्ही दुसरं थालीपीठ घेतलं.

मेमध्ये लागोपाठ दोन रविवार ती पोरगी वर्गाला आली नाही. मला वाटलं उन्हाळा, गेले असतील कुठेतरी. सोमवारी दुपारी दक्षतासाहेब माझ्या शाखेत आले. माझ्यासमोर बसून त्यांनी एक फाइल उघडली. पानांवर अनुक्रमांक घातलेले होते. सतराव्या पानावर आमच्या हळदीकुंकवाचा फोटो होता.

फोटोत ती मुलगी काळ्या साडीत खाली मान घालून बसलेली, आणि तिच्या कपाळाला कुंकू लावणारा एक हात. अंगठीवरून मी तो ओळखला. माझाच होता. फोटोखाली तिचं नाव आणि डमडम, मी लिहिलं होतं तसंच. त्याखाली कुणीतरी तिच्या नवऱ्याचं नाव जोडलं होतं. आणि सगळ्यात खाली काकांचं वाक्य, 'अशांना आपण घरात बोलावतो. हिच्या घरी जाऊन समजावलं पाहिजे. कोण कोण येतं?' त्याला उत्तरं आली होती. एकानं तर इमारतीचं नाव शोधून काढलं होतं.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"बारा दिवसांपूर्वीचं. म्हटलं प्रकरण पूर्ण तयार झालं की मगच..."

मी तिला फोन लावला. उचलला नाही. मग ग्रुप उघडून पाहिला. दहा दिवसांपूर्वीच ती ग्रुप सोडून गेली होती. कुणी सोडून गेलं की ते फक्त ॲडमिनला दिसतं. मला ते दिसलंही होतं, आणि नंबर बदलला असेल असं म्हणून मी पुढे गेले होते.

मला स्वतःची इतकी चीड आली की समोर ग्राहक बसलेत याचंही भान राहिलं नाही. तिथल्या तिथे मी काकांना ग्रुपमधून काढलं. नोटीस नाही, सुनावणी नाही.

तीन मिनिटांत ग्रुपवर पहिला फुलांचा गुच्छ आला.

'अभिनंदन काका! कुठे झाली?'

'पुणे मिळालं असणार. सुटलात बुवा!'

'एवढ्या लवकर? ऑर्डर मेमध्येच निघाली का यंदा?'

'माझा डबा त्यांच्याकडे आहे, कुणी जाणार असेल तर प्लीज.'

संध्याकाळपर्यंत सव्वाशे मेसेज. शिरस्त्याप्रमाणे माणूस काढला गेला होता, म्हणजे बदली झाली होती. कुणाच्या मनात दुसरी शंकाच आली नाही. एका उत्साही बाईंनी सेंड-ऑफसाठी हॉलची चौकशी केली आणि पुरणपोळी की श्रीखंड यावर दोन तट पडले. आठवड्याची मुदत काकांना का दिली नाही, एवढीच एक कुरकुर होती.

मी काय केलं? काहीच नाही. एक ओळ लिहिली असती तर सगळं थांबलं असतं. पण मनात म्हटलं, बरंच झालं की. माणूस गेला, भांडण नाही, कुणी दुखावलं नाही. मी चहा केला.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "वहिनी, चुकून हात लागला का? आणि लोक मला फोन करून अभिनंदन का करतायत?"

"हात चुकून नाही लागला, काका." मी त्यांना फोटोबद्दल सांगितलं.

काकांच्या मागे घंटी घरघरत होती. "मी कुठे गेलो तिच्या घरी? मी नुसतं लिहिलं. लोक लिहितातच. आणि फोटो तर तुमचाच होता, वहिनी." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तुमचा डबा भरून तयार आहे. कधी नेताय?"

मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच क्षणी डेंग्यूतली खिचडीही आठवली. मी फोन ठेवून दिला.

रविवारी वर्ग लवकर संपवून मी मेट्रोनं डमडमला गेले. तिनं साखळी न काढता दार किलकिलं केलं, मला पाहिलं, मग साखळी काढली. आत तिचा नवरा मुलीला गणित शिकवत बसला होता. तो उठला, मला खुर्ची दिली आणि चहा करायला गेला. दोन माणसं येऊन खाली गार्डकडे त्यांचा फ्लॅट कुठला म्हणून विचारून गेली होती, हे तिनं मला सांगितलं. अगदी सपाट आवाजात. पोरगी माझ्या मांडीशी येऊन म्हणाली, "बाई, आजीला फोन नाही केला." आई म्हणाली, "करू." पोरगी म्हणाली, "कधी?"

"मी त्यांना काढलं," मी म्हणाले.

"कळलं मला, ग्रुपवरच्या एकीकडून. पुण्याला चाललेत म्हणे. पुरणपोळ्या आहेत." ती हसली. "काकू, तुम्ही त्यांना काढलं नाहीत. निरोप दिलात."

तिनं पोरीची गणिताची वही मिटून बाजूला ठेवली.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं? त्या दुसऱ्या ग्रुपवर ते काय चालवतात ते?"

"मार्चपासून. लिंक तेव्हाच आली."

"मग थांबलात कशासाठी?"

खोटं बोलता आलं असतं. "जूनमध्ये त्यांची बदली होईल म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, मला तर वाटतं कुतूहलानंच. "तुमची सगळ्यांची बदली होते, काकू. माझी होत नाही. तुम्ही जाल, ते जातील, नवे येतील, त्यांच्यातही कुणीतरी भाजणी दळणारं निघेल. मी इथेच असणार आहे. याच पत्त्यावर."

चहा आला. तो मी कसाबसा प्यायले. निघताना विचारलं, "ग्रुपवर लिहू का? तुझं नाव न घेता?"

"माझ्याबद्दल नकाच लिहू," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल लिहा."

मेट्रोत बसून मी लिहिलं. कालीघाट येईपर्यंत चारदा खोडलं. स्टेशनबाहेर उन्हात उभी राहिले आणि पाठवलं.

'काकांची बदली झालेली नाही. मी त्यांना काढलं आहे. त्यांनी आपल्या हळदीकुंकवाचा फोटो दुसऱ्या ग्रुपवर टाकून आपल्यातल्या एकीच्या घरी जाण्याचं आवाहन केलं, आणि माणसं तिच्या दारापर्यंत गेली. फोटो, नाव आणि ती कुठे राहते ते ग्रुपवर मी टाकलं होतं. काका काय पाठवतात हे मला महिनोन्‌महिने माहीत होतं. मी कारल्याचे प्रश्न विचारत बसले आणि त्यांच्या बदलीची वाट पाहिली. ही माझी चूक आहे. त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये जे आहेत त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत तो सोडावा, नाहीतर मी त्यांना इथून काढेन. यापुढे कुणालाही काढलं तर कारण लिहूनच काढलं जाईल.'

ग्रुप चिडीचूप झाला. कारल्यावर पाऊण तास बोलणारी माणसं एक शब्द बोलेनात. शेवटी पहिला मेसेज आला तो त्या उत्साही बाईंचा, 'मग पुरणपोळ्या नको सांगू का?'

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मला राजकारणी म्हणून झालं, हिंदूंची वैरी म्हणून झालं. एकोणीस जण आमचा ग्रुप सोडून गेले, त्यांत दोघी माझ्या अगदी जवळच्या होत्या. एकीनं रस्त्यात तोंड फिरवलं, ते अजून टोचतं. अकरा जणांनी मात्र तो दुसरा ग्रुप सोडला. त्यातल्या तिघांनी मला खाजगीत सांगितलं की तिथून बाहेर कसं पडायचं हेच कळत नव्हतं, काका काय म्हणतील म्हणून. दक्षतासाहेब तिथून सगळ्यांत शेवटी निघाले, फाइल पूर्ण करून. त्या मुलीनं पोलिसांत तक्रार दिली तेव्हा ती अनुक्रमांक घातलेली फाइलच कामाला आली, हे मान्य करायला हवं.

माझा डबा काकांनी आमच्या गार्डकडे ठेवून दिला. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिले.

जूनमध्ये काकांची बदली झालीच नाही. त्यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. ही बातमी नवऱ्यानं मला सांगितली तेव्हा आम्ही दोघंही हसलो, पण मला ते हसू पुरं आलं नाही. वाट पाहत बसले असते तर अजून वर्षभर कारलीच चिरत राहिले असते. नवऱ्यानं मग एक जुनी घरघंटी मिळवली आणि ग्रुपसाठी भाजणी दळली. इतकी कडू भाजणी मी जन्मात खाल्ली नव्हती. धणे करपले होते. सगळ्यांनी निमूटपणे खाल्ली आणि कुणीही रेसिपी विचारली नाही.

जुलैच्या एका रविवारी बेल वाजली. दारात पोरगी, मागे तिची आई, आणि या वेळी बापही. "बाई, पाणी खायचंय," पोरगी म्हणाली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. वर्ग सुटल्यावर तिघं बाल्कनीत गेली. फोन लागला. पोरगी आजीला म्हणाली, "आजी, बाबा पण आलेत." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण पोरीनं फोन बापाच्या हातात दिला. तिची आई तुळशीच्या कुंडीपाशी उभी होती. ती एकदम खालीच बसली.

माझी रखडलेली बदली नोव्हेंबरात नागपूरला झाली. मी कार्यभार हस्तांतरणाचा कागद टाइप केला आणि डमडमला त्या मुलीकडे घेऊन गेले; ती पावसाळ्यातच ग्रुपमध्ये परतली होती. तिनं तो वाचला, सतरंज्यांची नोंद वाचून हसली आणि उजवीकडे सही केली. "पण काकू, मी हे तीन वर्षांसाठी घेत नाहीये," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

सेंड-ऑफ झाला. पुरणपोळ्या झाल्या. आठव्या दिवशी मी नागपूरच्या नव्या घरात खोकी उघडत बसले होते, तेव्हा फोन वाजला. तिनं ग्रुपवर माझं नाव लिहून खाली लिहिलं होतं, 'यांना काढत आहे. कारण: बदली. दुसरं कुठलंही नाही.'

मग तिनं मला काढलं. त्याखाली लोकांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही.